साच्यातली यंत्रं

आमच्या नातेवाइकांपैकी जे इथे नेमाने वाचतात (म्हणजे दोन आत्या, एक मावशी आणि भाचेकंपनी) त्यांचा एक प्रश्न बरेच दिवस तुंबून राहिलाय. माळ्याखालच्या कपाटात जो काळा डबा रात्रंदिवस घूं घूं करत असतो, त्यात नक्की चालतं काय? मावशीच्या मते तो फक्त वीज खातो. ते खरंही आहे, पण तेवढंच खरं नाही.

डबा म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त होऊन जुन्या बाजारात आलेला एक साधा संगणक. चार कोअर, ३२ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन डिस्क, एकीवर जे तेच दुसरीवर. पण या एका डब्यात सध्या नऊ संगणक नांदतात. एकात घरातले सगळे फोटो, एकात आबांच्या रोजनिशीची स्कॅन केलेली पानं, एक नुसता बॅकअप घेतो, एक जाहिराती अडवतो, एक माझ्या प्रयोगांसाठी आणि असेच बाकीचे. नऊपैकी तीन आभासी यंत्रं, म्हणजे व्हर्च्युअल मशिन्स. सहा कंटेनर. फरक थोडक्यात सांगतो. आभासी यंत्र म्हणजे स्वतंत्र बंगला असल्याचा पक्का भास असणारं घर. त्याचा स्वतःचा कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असतो आणि आपण दुसऱ्याच्या आवारात राहतो हे त्याला कळतही नाही. कंटेनर म्हणजे वाड्यातलं बिऱ्हाड. दार वेगळं, कुलूप वेगळं, पण जमीन, विहीर आणि पाया सगळ्यांचा एकच.

आता मुद्द्याची गोष्ट. हे नऊच्या नऊ मी एकेक करून बसवलेले नाहीत. दोन साचे करून ठेवलेत, एक यंत्राचा आणि एक कंटेनरचा. नवीन काही हवं झालं की साच्यातून एक काढायचं, नाव द्यायचं, चालू करायचं. पाच मिनिटांत काम. संगणकवाले याला टेम्प्लेट म्हणतात, पण साचा हा शब्द मला जास्त आवडतो, कारण त्याने पेणचे गणपतीचे कारखाने डोळ्यासमोर येतात. एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, सगळ्या हुबेहूब. पण साच्यातून निघालेली मूर्ती लगेच कुणी विकायला ठेवत नाही. तिच्या डोळ्यांची आखणी हाताने, एकेकीची वेगळी करावी लागते, आणि ते काम कारखान्यातल्या सगळ्यात मुरलेल्या माणसाकडे असतं. ही आखणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बऱ्याच जणांचा समज असतो की हे साच्यांचं प्रकरण डॉकर आल्यापासूनचं, म्हणजे फार तर २०१३ पासूनचं. प्रत्यक्षात ते आपल्यापैकी अनेकांपेक्षा वयाने मोठं आहे.

१९६४ साल. ७ एप्रिलला आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. कंपनीने आपलं सगळं भवितव्य त्यावर लावलं होतं. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या केंब्रिज गावात कंपनीचं नाक कापलं गेलं. तिथल्या एमआयटीला एक संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याचा, म्हणजे टाइम-शेअरिंगचा, मोठा प्रकल्प उभारायचा होता. त्यासाठी मेमरीतले पत्ते चालता चालता बदलून देणारी सोय यंत्रात हवी होती. ३६० मालिकेत ती नव्हती. एमआयटीने आयबीएमला नकार दिला आणि जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र घेतलं.

गंमत अशी की आयबीएमची एक छोटी प्रयोगशाळा, केंब्रिज सायंटिफिक सेंटर, एमआयटीच्या त्या प्रकल्पाच्याच इमारतीत होती. एकाच जिन्यावरून ये-जा. तिथे रॉबर्ट क्रीझी नावाचा एक माणूस होता, जो आधी एमआयटीतच टाइम-शेअरिंगवर काम करून आला होता. १९६४ च्या शेवटी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच घाट घातला. तोपर्यंतचा विचार असा, की संगणक एक आहे, तो सगळ्यांत वाटायचा, आणि वाटणारी प्रणाली जितकी हुशार तितकं बरं. क्रीझीचं म्हणणं वेगळं होतं. वाटत बसू नका. प्रत्येकाला अख्खा संगणकच द्या. म्हणजे अख्खा दिल्याचा भास द्या.

हा भास कसा उभा करतात तो भाग मला फार आवडतो, म्हणून जरा थांबतो. संगणकाच्या सूचना दोन जातींच्या असतात. बेरीज-वजाबाकीसारख्या निरुपद्रवी, आणि 'ही डिस्क वाच', 'ती मेमरी बंद कर' अशा अधिकाराच्या. दुसऱ्या जातीच्या सूचना फक्त मालकाने द्यायच्या असतात. भाडेकरूने दिली तर यंत्र काम थांबवतं आणि मालकाला हाक मारतं. क्रीझीच्या मंडळींनी या तक्रार-व्यवस्थेचाच उपयोग केला. पाहुणी प्रणाली स्वतःला मालक समजून हुकूम सोडते, यंत्र थांबतं, खरा मालक धावत येतो, हुकूम काय होता ते बघतो, त्या पाहुण्याच्या वाट्याच्या डिस्कवर ते काम करून देतो आणि गुपचूप बाजूला होतो. पाहुण्याला वाटतं आपला हुकूम चालला. निरुपद्रवी सूचना मात्र थेट खऱ्या यंत्रावर धावतात, म्हणून वेगही फारसा जात नाही.

यासाठी ३६० मालिकेतलं मॉडेल ४० घेऊन त्याला पत्ते बदलण्याची सोय खास जोडून घेतली. जानेवारी १९६७ मध्ये ही सीपी-४० नावाची प्रणाली रोजच्या वापरात आली. एका लोखंडी यंत्रात १४ भासमान यंत्रं, प्रत्येकाला २५६ के मेमरी. के, मेगा नव्हे! माझ्या फोनमधला एक फोटो त्यात मावणार नाही. मागोमाग मोठ्या मॉडेल ६७ साठी सीपी-६७ आली, आणि २ ऑगस्ट १९७२ ला व्हीएम/३७० या नावाने आयबीएमने ती अधिकृत माल म्हणून जाहीर केली.

या प्रत्येक भासमान यंत्रात चालायला त्यांनी सीएमएस नावाची एक छोटी प्रणाली लिहिली. एका वेळी एकच माणूस वापरणार, त्यामुळे दुसरं कुणी जगात आहे याची तिला दखलच घ्यावी लागत नसे. शेजाऱ्यांची कटकट खालच्या थराने सांभाळायची, वरच्याने मजेत राहायचं. साधेपणा असा विकत मिळतो, पण पैसे दुसऱ्या कुणी तरी भरलेले असतात :-)

आणि इथे आपला साचा भेटतो. प्रत्येक माणसाला सीएमएसची वेगळी प्रत दिली तर महागडी डिस्क नुसत्या प्रतींनीच भरून जाईल. म्हणून सीएमएस एकाच डिस्कवर ठेवत. तिचा आकडा १९०. सगळ्यांना ती दिसे, वाचता येई, पण त्यावर लिहिता येत नसे. प्रत्येकाची स्वतःची छोटी डिस्क वेगळी, तिचा आकडा १९१. मूळ एक, सगळ्यांना सामाईक, आणि आपापलं लिखाण आपापल्या पाटीवर. व्हीएम/३७० मध्ये आणखी एक पायरी चढली. प्रणाली एकदा चालू करून, ती तयार स्थितीत आली की तिची मेमरीच जशीच्या तशी नाव देऊन जतन करायची. त्या आज्ञेचं नाव सेव्हसिस. मग प्रत्येक जण सकाळी येऊन 'आयपीएल सीएमएस' एवढं टंकायचा, की तयार प्रत समोर हजर. पहिल्यापासून चालू होण्याचा खटाटोप नाही.

माझ्या डब्यात आज प्रॉक्समॉक्स आहे. त्यात एखाद्या यंत्राचा साचा केला की त्याची डिस्क फक्त वाचण्यापुरती होते. त्यातून 'जोडलेली प्रत' काढली तर नवीन यंत्राची डिस्क सुरुवातीला जवळजवळ रिकामीच असते. जे बदलेल तेवढंच तिथे लिहिलं जातं, बाकी सगळं मूळ साच्यातून वाचलं जातं. म्हणजे १९० आणि १९१. पन्नासहून अधिक वर्षांत आकडे बदलले, युक्ती तीच.

(अवांतर: आपल्याकडे हे कधी पोचलं? आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली. पवईच्या आयआयटीत सत्तरच्या दशकात आला तो सोव्हिएत बनावटीचा ईसी-१०३०, आणि ईसी मालिका म्हणजे सिस्टिम/३६० शी जुळवून घेतलेली यंत्रं. अख्ख्या संगणकाचीच प्रत! साच्यांच्या इतिहासात याला कुठे बसवायचं ते तुम्हीच ठरवा.)

पुढचा काही काळ मी भराभर सांगतो, कारण त्यात या विषयापुरतं फार काही घडत नाही. संगणक स्वस्त झाले, टेबलावर आले. प्रत्येकाला खराच संगणक मिळायला लागल्यावर भासाची गरज कुणाला? १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी यंत्राचा भास उभा करायचा तर मूळ यंत्रात काय गुण हवेत ते गणिती शिस्तीने मांडलं होतं. पण टेबलावर जे यंत्र आलं, म्हणजे इंटेलचं, त्यात ते गुण नव्हते. पुढे सन २००० मध्ये पेंटियमची तपासणी करून दोघांनी दाखवलं की सुमारे २५० पैकी १७ सूचना अशा आहेत ज्या भाडेकरूने दिल्या तर यंत्र मालकाला हाक मारत नाही. भलतंच काही तरी करून पुढे जातं. वॉचमन झोपलेला. मग भास उभा राहायचा कसा?

ते कोडं स्टॅनफर्डच्या मंडळींनी सोडवलं. मेंडेल रोझेनब्लम, त्याचे विद्यार्थी एडवर्ड बुन्यों आणि स्कॉट डिव्हाइन, सोबत डायान ग्रीन आणि एलन वाँग. यांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर काढली आणि १९९९ मध्ये त्यांचं वर्कस्टेशन बाजारात आलं. युक्ती अशी, की धोकादायक सूचना चालण्याआधीच ओळखायच्या आणि धावता धावता त्यांच्या जागी निरुपद्रवी सूचना बसवायच्या. २००५ पासून इंटेलने आणि २००६ पासून एएमडीने ती सोय चिपमध्येच दिली, आणि २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम लिनक्सच्या कर्नेलमध्ये दाखल झालं. घरातल्या डब्याला आभासी यंत्रं परवडायला लागली ती तेव्हापासून.

पण साच्याची गोष्ट मधल्या काळात वेगळ्याच गल्लीतून चालली होती, आणि ती गल्ली मी स्वतः पाहिलीय. न्यूझीलंडच्या मरी हॅझार्डने नव्वदच्या दशकात घोस्ट नावाची आज्ञावली केली. एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. १९९८ मध्ये ती सिमँटेकने विकत घेतली. आपल्याकडच्या हार्डवेअरवाल्या पोरांच्या तोंडी तर क्रियापदच तयार झालं होतं: "साहेब, फॉरमॅट कशाला, घोस्ट मारून देतो ना!" मी तेव्हा ज्या कचेरीत होतो तिथे एकदा चाळीस नवीन संगणक आले. दोन पोरं आली, त्यांनी एक संगणक नीट लावला आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या एकोणचाळिसांना घोस्ट मारून चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस पडद्यांवर एकच तक्रार, की या नावाचा संगणक नेटवर्कवर आधीच आहे. चाळीसही जणांचं नाव एक! मूर्ती साच्यातून काढल्या, डोळे आखायचे राहिले.

नाव बदलणं सोपं होतं. त्याखाली आणखी एक न दिसणारं नाव होतं. विंडोज बसवताना प्रत्येक संगणकाला एक लांबलचक ओळख-आकडा मिळतो, एसआयडी. घोस्टने तोही तसाच उतरायचा. यामुळे सुरक्षेला भगदाड पडतं असा बोभाटा बरीच वर्षं होता आणि मार्क रसिनोविच या नामांकित तज्ज्ञाची न्यूसिड नावाची आज्ञावली तो आकडा बदलून द्यायची. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द रसिनोविचनेच जाहीर केलं की विचार करकरून पाहिला, पण सारख्या आकड्याने खरोखर बिघडतं असं उदाहरण सापडत नाही. सबब न्यूसिड निवृत्त. लोक हसले, काही चिडले. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत सल्ला मात्र प्रत काढण्याआधी ओळख पुसण्याचाच राहिला. आणि गंमत बघा, २०२५ च्या ऑगस्टअखेरपासूनच्या विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांच्या अपडेट्समध्ये हा आकडा तपासायला सुरुवात झाली, आणि एकाच आकड्याची यंत्रं एकमेकांना ओळख पटवून देईनात. सोळा वर्षांपूर्वी निकाली निघालेला खटला परत उभा.

कंटेनरांची वंशावळ वेगळी. त्यांचा मूळपुरुष १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधला सीएचरूट. एखाद्या प्रोग्रॅमला सांगायचं की तुझं जग या फोल्डरपासून सुरू होतं, वर काही नाही. बिचारा विश्वास ठेवतो. पण ती भिंत नव्हती, पडदा होता. २००० मध्ये फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तीत पाउल-हेनिंग काम्प या डेन्मार्कच्या माणसाचा जेल आला, त्याने खरी भिंत बांधली. लिनक्समध्ये २००५ पासून ओपनव्हीझेड, मग २००८ च्या सुमारास एलएक्ससी, आणि २०१३ च्या मार्चमध्ये सॉलोमन हाइक्सने एका परिषदेत पाच मिनिटांचं छोटं भाषण करून डॉकर दाखवलं. डॉकरचं खरं कर्तृत्व भिंत बांधण्यात नव्हतंच. ते होतं साच्याची कृती लिहिण्यात. काय बसवायचं, कोणत्या क्रमाने, ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत. कुणीही वाचावं, कुणीही परत करावं. साचा आणि कृती हा फरक माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा, पण त्याकडे जरा पुढे येतो.

आधी आखणीचं. २००६ मध्ये अॅमेझॉनने भाड्याची यंत्रं द्यायला सुरुवात केली आणि त्यासोबत साच्यांचा बाजार भरला. कुणीही आपला साचा सगळ्यांसाठी खुला ठेवावा. काही वर्षांनी युरोपातल्या संशोधकांनी असे ५,००० हून अधिक खुले साचे तपासले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. साच्यांत काय काय निघालं? करणाऱ्याच्या खाजगी किल्ल्या. आधी टंकलेल्या आज्ञांची यादी. आणि पुसून टाकलेल्या फाइली, ज्या डिस्कवरून परत उकरून काढता येत होत्या. म्हणजे घर विकताना कपाट रिकामं केलं, पण पोटमाळ्यावरची ट्रंक तशीच. उलट बाजूचा धोकाही होताच. साच्यात करणाऱ्याची किल्ली राहिली, तर त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक यंत्राचं दार तो कधीही उघडू शकतो. त्याच्या मनात तसं काही नसेलही, पण किल्ली आहे ना.

त्याच्याही आधी, २००५ मध्ये, खुद्द व्हीएमवेअरच्या रोझेनब्लमने टाल गारफिंकेलसोबत एक शोधनिबंध लिहिला होता, तो मी आजही लोकांना वाचायला सांगतो. खऱ्या यंत्राचं आयुष्य सरळ रेषेत जातं, असं ते म्हणतात. आभासी यंत्राचं झाड होतं. फांद्या फुटतात, मागे जाता येतं. आणि आपली सगळी सुरक्षा गृहीत धरते की काळ पुढेच जातो. यंत्र मागच्या स्थितीत नेलं की त्यात लावलेल्या दुरुस्त्याही गेल्या, बंद केलेले पासवर्डही जिवंत झाले. २०१० मध्ये रिस्टनपार्ट आणि यिलेक यांनी याचं विलक्षण उदाहरण दाखवलं. संगणक गुप्त किल्ल्या बनवताना यादृच्छिक आकडे वापरतो, ते आधी जमवून मेमरीत ठेवलेले असतात. जतन केलेल्या स्थितीतून यंत्र दोनदा उठवलं, तर दोन्ही वेळा तेच 'यादृच्छिक' आकडे! फासे तेच पडणार असतील तर तो जुगार कसला.

तर माझ्या साच्याकडे. यंत्राचा साचा करताना मी डेबियनची क्लाउडसाठीची तयार प्रत घेतो. तिच्यात क्लाउड-इनिट असतं, जे यंत्र पहिल्यांदा उठल्यावर नाव, किल्ल्या, नेटवर्क असे डोळे आखून देतं. कंटेनरचा साचा मी हाताने साफ करतो. एसएसएचच्या यंत्रओळखीच्या किल्ल्या पुसायच्या. इटीसी फोल्डरमधली मशीन-आयडी नावाची फाइल रिकामी करायची. रिकामी, उडवायची नाही. रिकामी दिसली की प्रणाली स्वतःहून नवीन आकडा भरते. लॉग पुसायचे, आज्ञांची यादी पुसायची, आणि साच्यात कुणाचाही पासवर्ड ठेवायचा नाही. मशीन-आयडीचं एवढं कौतुक कशाला, असं वाटेल. पण काही लिनक्स प्रणालींत घरातल्या राउटरकडे पत्ता मागताना यंत्र आपली ओळख याच आकड्यावरून बनवतं. दोन प्रतींचा आकडा एक, तर राउटर दोघांना एकच समजून एकच पत्ता देतो, आणि मग आज फोटो दिसतात, उद्या दिसत नाहीत, असा भुताटकीचा खेळ सुरू होतो. लोक केबल बदलतात, राउटर बदलतात. कारण मात्र बत्तीस अक्षरांच्या एका फाइलीत.

आता मावशीला (आणि मलाही) खरा महत्त्वाचा प्रश्न. मागच्या दिवाळीत आमची मोठी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "अरे, आबांची पानं, सगळ्यांचे फोटो, सगळं तुझ्या त्या डब्यात. उद्या तुला काही झालं तर आम्ही काय करायचं?" आत्या स्पष्टच बोलते. तिचं बरोबर होतं. मी एकसष्ट वर्षांचा आहे. डिस्कच्या प्रती तीन ठिकाणी आहेत, एक भाच्याकडे न्यू जर्सीत. पण नुसत्या फाइली म्हणजे घर नव्हे. कुठल्या फोटोत कोण आहे, कुठलं पान कोणत्या वर्षाचं, हे सगळं त्या यंत्रातल्या आज्ञावलीत भरलंय. ती चालली तरच त्याला अर्थ.

भाच्याला साचा द्यायचा की कृती?

साचा दिला तर तो आज लगेच चालेल. पण साचा शिळा होतो. त्यात लावलेल्या दुरुस्त्या त्या दिवशीच गोठतात. शिवाय भांडं बदललं की पंचाईत. प्रॉक्समॉक्सच्या २००८ च्या पहिल्या आवृत्तीपासून कंटेनर ओपनव्हीझेडचे होते. २०१५ मध्ये चौथ्या आवृत्तीत ते काढून एलएक्ससी आणलं, आणि ज्यांचे कंटेनर होते त्यांना एकेकाचा बॅकअप घेऊन नव्या घरात परत बसवावा लागला. जे तेव्हा जागे होते त्यांचं निभावलं.

मग कृती द्यावी? कृती वाचता येते, चार पानांत मावते, तिच्यात कुणाची किल्ली चुकून राहत नाही. पण कृती बाजारावर अवलंबून असते. 'अमुक ठिकाणाहून तमुक आणा' असं तिच्यात लिहिलेलं असतं, आणि ते ठिकाणच उठून जातं. सेंटओएस ८ ची मुदत २०२१ च्या ३१ डिसेंबरला संपली, आणि थोड्याच दिवसांत तिची सामग्री नेहमीच्या जागेवरून हलवली. जगभरच्या कितीतरी कृती एका सकाळी चालेनाशा झाल्या. आजीच्या वहीत 'बाजारातल्या भटांच्या दुकानातला मसाला' लिहिलेला असावा आणि दुकानच बंद व्हावं, तसं.

आमच्या घरात याचं उत्तर आधीपासून आहे म्हणा. दही कसं लावायचं हे वहीत लिहून भागत नाही, विरजण लागतं. आणि नुसतं विरजण देऊनही भागत नाही, दूध किती कोमट हवं ते सांगावं लागतं. म्हणून भाच्याला मी दोन्ही दिलंय. साच्याची प्रत, कृतीची फाइल, आणि कृतीला लागणारी सगळी पॅकेजं त्याच डिस्कवर उतरवून, म्हणजे तिला बाजारात जावं लागू नये. दर सहा महिन्यांनी तो तिकडे साच्यातून एक यंत्र काढतो, आबांचं एक ठरावीक पान उघडतो आणि मला पाठवतो. १९५२ सालातलं पान आहे, विहिरीच्या खर्चाचा हिशेब. दोनदा आलं. पहिल्या वेळी त्याला अडीच तास लागले, कारण माझ्या कृतीतली सातवी पायरी त्याच्या मते मराठीत नव्हती :-) ती त्याने स्वतः परत लिहिली. दुसऱ्या वेळी चाळीस मिनिटं.

आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने विचारलं, की हे किती वर्षं टिकेल. त्याचं उत्तर द्यायला मी तिला डब्यातलं नववं यंत्र दाखवलं. तो माझा प्रयोगाचा कंटेनर. त्यात हर्क्युलिस नावाची एक आज्ञावली चालते. रॉजर बाउलर नावाच्या माणसाने १९९९ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. ती आयबीएमच्या जुन्या मोठ्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करते. आणि त्या नकलेवर मी चालवतो सत्तरच्या दशकातलं व्हीएम/३७०, कारण त्या काळातली ती प्रणाली आज कुणालाही मोफत उतरवून घेता येते. म्हणजे माळ्याखालच्या डब्यात एक कंटेनर, कंटेनरात एक नसलेलं लोखंडी यंत्र, त्यात क्रीझीच्या परंपरेतली प्रणाली, आणि तिच्यात पुन्हा प्रत्येकाला एकेक अख्खा संगणक. डिस्कच्या ज्या प्रती फिरतात त्यांत वापरकर्त्याचं नाव सीएमएसयूजर, पासवर्डही सीएमएसयूजर. जगातल्या सगळ्या प्रतींत तोच. डोळे न आखलेली मूर्ती म्हणतात ती ही!

आत्याला खुर्चीवर बसवलं आणि तिच्याकडून 'आयपीएल सीएमएस' टंकून घेतलं. हिरव्या अक्षरांत एक ओळ उमटली, तयार आहे म्हणून. १९० क्रमांकाची डिस्क जागेवर होती, १९१ रिकामी.

"मग यात काय लिहायचं?" आत्याने विचारलं.

मी म्हटलं, काहीही लिही. तिने विहिरीच्या हिशेबातल्या पहिल्या दोन ओळी इंग्रजी अक्षरांत टंकल्या, कारण त्या यंत्राला देवनागरी येत नाही, आणि चहा टाकायला उठली.